गंगारामच्या हयातीचा दाखला

मांडवी, रत्नागिरी.
बुधवार, दुकान उघडण्यापूर्वी.

चि. लिहावं तर तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, ती. लिहावं तर तुझं आजवरचं एकही कृत्य त्या मायन्याला शोभणारं नाही, म्हणून नुसतंच

प्रिय गंगाराम यास,

अस्लमचा सलाम, हफीजाचा दुवा आणि योहानचं ‘जय ख्रिस्त’ एकाच पाकिटात घालून पाठवतो आहे, तिन्ही जपून उतरवून घे. तुझे गुडघे, तुझी साखर आणि तुझा स्वभाव यांपैकी निदान दोन गोष्टी ताब्यात असतील अशी आशा करतो. वहिनींना नमस्कार. शमिकाची परीक्षा कशी गेली? (हीच चौकशी मी जूनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर केली होती. तू वाचलीस, खुणा निळ्या झाल्या, उत्तर आलं नाही. म्हणून यावेळी स्पीड पोस्ट. बडोद्याचा पोस्टमन निदान दार तरी वाजवेल.) आमच्याकडे सर्व क्षेम. लग्नपत्रिका छापायचं दुकान चालू आहे, साप्ताहिकातलं माझं सदरही चालू आहे, आणि त्या सदरामुळे माझ्याशी बोलणं टाकलेल्यांची संख्या आता इतकी झाली आहे की बाजारात जाऊन यायला पूर्वी तास लागायचा तिथं मी वीस मिनिटांत परततो.

आता मुद्द्याचं. योहानची नोकरी जायच्या बेतात आहे, आणि ती राहणार की जाणार हे तू अस्तित्वात आहेस की नाही यावर ठरणार आहे. हे वाक्य मी तीनदा वाचून पाहिलं. ते बरोबर आहे. मलाही ते पुरतं कळलेलं नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे दोघं मिळून गोंधळू.

योहान आल्हाट म्हणजे आपल्या अलोऱ्याच्या प्रकल्प कॉलनीतला, क्रेनवाल्या दानिएलमामांचा मुलगा, हे तुला सांगायला नको. पण तू सत्तावीस वर्षांपूर्वी कोकण सोडलंस, त्यानंतरचा योहान तुला ठाऊक नाही. त्याला देवाने आवाज दिला. असा, की शाळेत तो ‘आजचा सुविचार’ वाचायचा तेव्हा हेडमास्तरसुद्धा काल आपलं काय चुकलं ते आठवत उभे राहायचे. आवाजाबरोबरचं बाकीचं सामान, म्हणजे स्वतःहून सुचलेलं एखादं वाक्य, ते मात्र गाडीत चढवायचं राहून गेलं. लिहून दिलं की तो काहीही वाचतो. लिहून दिलं नाही तर स्वतःचं नावही त्याला थोडा विचार करून सांगावं लागतं. या भांडवलावर त्याने आधी एका स्टँडवर रोजंदारीने गाड्या पुकारल्या. तिथे देवरूखला निघालेली एक म्हातारी गुहागरच्या गाडीत बसून गेली, आणि विचारल्यावर म्हणाली, ‘येवढा बोलवत होता, नाही कसं म्हणायचं?’ मग ऑर्केस्ट्रांचं निवेदन, मग लग्नाचे हॉल, मग रिक्षा. रिक्षा चालवणं नव्हे, रिक्षावर भोंगा बांधून जी जाहिरात गावभर फिरते ती. आंब्यावरचं औषध, सर्कस, साड्यांचा सेल, सगळं योहान. एका निवडणुकीत तर तिन्ही उमेदवारांचा प्रचार त्याच्याच आवाजात होता. माळनाक्यावर दोन रिक्षा समोरासमोर आल्या तेव्हा योहान योहानला गद्दार म्हणाला, आणि तिसरा योहान मागून येऊन म्हणाला की या दोघांनाही घरी बसवा. निवडून कोण आलं ते आठवत नाही, पण त्या वर्षी लोकांनी ऐकलं ते योहानचंच.

पुढे करुणा वाहिनी नावाच्या पुण्याच्या ख्रिस्ती वाहिनीचे एक पाळकसाहेब नाताळच्या दिवसांत इकडे आले होते. त्यांनी नाताळमेळ्याची रिक्षा ऐकली, पावणेदोन किलोमीटर तिच्यामागे चालत गेले आणि आवाज कुणाचा म्हणून चौकशी केली. (रिक्षावाल्याला वाटलं, आवाज मोठा आहे म्हणून तक्रार आली. त्याने आधी शपथेवर नाकारलं.) तेव्हापासून आठ वर्षं आपला योहान ‘ब्रदर योहान’ आहे. रोज सकाळी सात वाजता रत्नागिरीच्या स्टुडिओतून थेट प्रक्षेपण, कार्यक्रमाचं नाव ‘सकाळचा दिलासा’. निळा सूट, हातात बायबल, मागे पडद्यावर वाहता झरा. महाराष्ट्रभर लोक बघतात. एसटीत कंडक्टर त्याला जागा देतो. श्रद्धेत त्याच्या खोट नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण माझं सदर वाचणाऱ्यांची समजूत अशी आहे की मी कुणाचंच काही खरं मानत नाही. प्रक्षेपणाच्या आधी तो सामानाच्या खोलीत जाऊन, जिथे कॅमेरा नाही तिथे, गुडघ्यावर बसतो. अडचण एवढीच की तिथे देवाशी जे बोलणं होतं ते कॅमेऱ्यासमोर आल्यावर त्याला आठवत नाही. म्हणून कॅमेऱ्यासमोरचं मी लिहून देतो.

होय, मी. दचकू नकोस, माझं दचकून झालं आहे. वचन कुठलं घ्यायचं ते पुण्याचे पाळकसाहेब ठरवतात, त्याच्या पुढचा-मागचा मजकूर माझा. हफीजा म्हणते, ‘स्वतःच्या फजरच्या नमाजाला उठवत नाही तुमच्याने, आणि सगळ्या महाराष्ट्राला सकाळी सातला जागं ठेवता.’ खरं तर मला स्वतःलाच यातलं कुठलं माझं नि कुठलं त्यांचं हे सांगता येईनासं झालं आहे. एका जुम्म्याला मौलानांनी शेजारधर्मावर इतकं सुरेख सांगितलं की बुधवारी ते ब्रदर योहानच्या तोंडून गेलं. आणि गुरुवारी चर्चमधल्या एका बाईंनी ते मला रस्त्यात अडवून ऐकवलं आणि वर म्हणाल्या, ‘अस्लमभाई, तुम्हीपण असलं ऐकत जा जरा.’

असं सुरळीत चाललं होतं. मग मे महिन्यात एका सकाळी ऐन कार्यक्रमात वीज गेली. कॅमेरा आणि दिवे बॅटरीवर चालू राहिले, पण ज्या पडद्यावर माझा मजकूर खालून वर सरकतो तो काळा पडला. योहान कॅमेऱ्याकडे बघतोय, कॅमेरा योहानकडे बघतोय, महाराष्ट्र दोघांकडे बघतोय. मी कॅमेऱ्यामागून हातवारे करत होतो. (‘दमेकऱ्यांसाठी प्रार्थना’ असं हातवाऱ्यांनी सांगून बघ एकदा. कॅमेरामन दर्शन मला पाणी आणायला धावला.) अकरा सेकंद गेले. मग योहानने डोळे मिटले, हात जोडले, हनुवटी वर केली आणि सुरू झाला. आणि मी हातवारे थांबवले, कारण ते गाऱ्हाणं होतं. तुझ्या वडिलांचं. कॉलनीचा गणपती उठायच्या आधी तात्या सगळ्या कॉलनीच्या वतीने देवाला साकडं घालायचे ते, त्याच चढउतारांत. पॉवरहाऊसचे इंजिनियर चपला काढून उभे असायचे, आणि मागच्या रांगेत आपण तिघं, खोबऱ्यावर नजर ठेवून, दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ करणारे. योहानला जन्मात पाठ असलेली तेवढी एकच गोष्ट.

‘हे प्रभू म्हाराजा, ही तुझी लेकरं आज तुझ्या पायाशी उभी हायत. कुणाचं लगीन अडलं असंल, कुणाची नोकरी अडली असंल, कुणाचा मोहोर गळला असंल, त्याची अडचण दूर कर. कुणी वाईट नजर लावली असंल, त्याची नजर सरळ कर, आणि त्यालाबी पोटभर जेवायला घाल.’ देवाचं नाव तेवढं त्याने बदललं होतं, बाकी सगळं तात्यांचं. पहिल्या वाक्याला दर्शनच्या तोंडून ‘व्हय म्हाराजा’ निसटलं; तो राजापूरचा, त्याचा इलाज नव्हता. दुसऱ्या वाक्याला गाण्याच्या चार सिस्टर त्याला मिळाल्या. तिसऱ्याला मी. (हफीजाने घरी टीव्हीवर माझा आवाज ओळखला.) आणि अगदी शेवटी, आवाज खाली आणून, ‘आमचा गंगाराम परमुलखात हाय म्हाराजा. त्याच्या पायात काटा मोडू देऊ नको, आणि त्याची वाट हिकडं वळव.’ व्हय म्हाराजा. तेवढ्यात वीज आली.

आम्हाला वाटलं, संपलं. दुपारपर्यंत स्टुडिओत चारशे फोन आले. गुहागरच्या बागायतदाराचा फोन, पालघरच्या नर्सबाईंचा, कुवेतहून माझ्या मेव्हण्याचा. कुणाला म्हैस आटल्याबद्दल प्रार्थना हवी होती, कुणाला व्हिसासाठी. धर्म कुणी विचारला नाही, पण फोन ठेवायच्या आधी प्रत्येकाने एकच विचारलं, गंगाराम आला का? दुसऱ्या दिवशी पडदा व्यवस्थित चालू होता, योहानने माझा मजकूर व्यवस्थित वाचला, आणि संपल्यावर डोळे मिटून तुझं तेवढं एक वाक्य पुन्हा म्हणाला. तिसऱ्या दिवशीही. तेव्हापासून, मध्ये एक दिवस सोडला तर, रोज. आम्ही सांगून बघितलं, समजावून बघितलं. तो मान डोलावतो आणि सात सव्वीसला डोळे मिटतो. मिरकरवाड्याला मासे विकणाऱ्या यमुनाबाई, ज्यांनी तीस वर्षांत मला एक हसू दिलेलं नाही, त्यांनी परवा भर बाजारात हाक मारली, ‘काय रं, आला काय त्यो?’ नाही म्हटल्यावर त्यांनी तराजूवरचा अंगठा आपणहून काढून घेतला. इतकं दुःख मी त्या बाजारात पाहिलेलं नाही.

आता पुण्याची गोष्ट. मुख्य कार्यालयाला कळेना की रागवावं की पेढे वाटावेत. बघणारे तिपटीने वाढले होते, आणि म्हटलेलं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिघांची एक समिती आली. त्यांनी ते गाऱ्हाणं वाक्यावाक्याने तपासलं आणि आक्षेप घ्यावा असं त्यांना काही सापडेना. लेकरं ठीक, मोहोर ठीक, वैऱ्याला जेवू घालणं तर फारच ठीक. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ नगरकडचे होते. ते हळूच म्हणाले, ‘आमची आजी साधारण असंच मागायची,’ आणि लगेच म्हणाले की हे लिहून घेऊ नका. शेवटी आक्षेप उरला तो तुझा. गंगाराम कोण? खरा आहे की लोकांना रडवायला केलेला? खरा असेल तर त्याने कार्यक्रमात येऊन साक्ष द्यावी. खोटा असेल तर देवासमोर रोज सकाळी खोटं नाव घेतलं जातं आहे, आणि कार्यक्रम बंद. मला हे पटलं, हीच पंचाईत आहे. त्रेपन्नाव्या वर्षी योहानला दुसरं कोण ठेवणार, हा प्रश्न समितीच्या कागदावर नव्हता.

मग तू आहेस हे सिद्ध करण्याचं काम माझ्याकडे आलं. बाबा रे, तू सिद्ध होत नाहीस. सातवीच्या वर्गाचा फोटो शोधून काढला तर फोटोग्राफरने तीन म्हटल्यावर तू मान हलवली होतीस. तुझ्या खांद्यावर चेहऱ्याच्या जागी धूर आहे. फेसबुकवर तुझ्या नावापुढे गुलाबाचं फूल आहे आणि खाली ‘शुभ सकाळ’. समितीतल्या तरुण गृहस्थांनी ते फूल बराच वेळ न्याहाळलं. तुला फोन केले, तू उचलले नाहीस. तेवढ्यात दुसरे गंगाराम यायला लागले. एकूण तीन आले. पहिल्या दोघांना मी चहा देऊन परत पाठवलं, पण तिसरा सोन्यासारखा होता. इथलाच, मांडवीचा. बावीस वर्षं आखातात जहाजावर काढलेली, मे महिन्यात कायमचा परतलेला, आणि बंदरात उतरताना पायात खरोखर काटा गेलेला नि आपणहून निघालेला. कार्यक्रम ऐकून धाय मोकलून रडला होता. साक्षीदार म्हणून असा माणूस मागूनही मिळत नाही. मी तासाभरात मजकूर लिहिला, सोफा मांडला, समितीला कोकम सरबत दिलं. तालीम सुरू झाली. योहानने पडद्यावरून वाचलं, ‘बंधूंनो, हाच तो आपला’, आणि थांबला. चष्मा काढला. समितीसमोर म्हणाला, ‘हा तो नव्हे.’

खलाशी गंगाराम दुखावला. ‘मग माझा काटा काढला कुणी?’ असा प्रश्न त्याने समितीला विचारला, आणि समितीने त्यावर चहाची सुट्टी घेतली. मी योहानला जिन्यात नेऊन झाप झाप झापलं. म्हटलं, अरे, नाव गंगाराम, परमुलखात होता, परत आला, काटासुद्धा आहे, तुला अजून काय पाहिजे? तो म्हणाला, ‘तात्यांनी ज्याचं नाव घेतलं तो वेगळा आहे. मधेच दुसरा कसा बसवू?’ त्रेपन्न वर्षांत योहान आपल्या मनाचं एवढं सलग बोललेला मी प्रथमच ऐकला, आणि तेही नेमकं स्वतःच्या पोटावर पाय देणारं. समितीने मुदत दिली आहे ती या रविवारची. रविवारी सात वाजता तिसरा-चौथा कुणी नको, मूळ गंगाराम सोफ्यावर पाहिजे.

तेव्हा मागणं इतकंच. शनिवारी बडोद्याहून गाडीत बस, रविवारी सात वाजता सोफ्यावर बस, आणि तीन मिनिटं नाव-गाव सांग. ख्रिस्ती हो असं कुणी म्हणत नाही. आठ वर्षांत मला कुणी म्हटलेलं नाही. तुला गाऱ्हाण्याचा राग आहे हे ठाऊक आहे. तात्यांनी तुला तो मान पुढे चालवायला सांगितला तेव्हा तू सगळ्या कॉलनीदेखत विचारलंस, देवाला ऐकू येत नाही का, एवढं ओरडायला? आणि त्याच आठवड्यात बडोद्याला गेलास. तात्या वारले तेव्हा आलास तो तेराव्याला परत. दिवाळीला तुझ्या आईला, म्हणजे आमच्या सावित्रीकाकूला, तुझा फोन येतो, ती आम्हाला सांगते, ‘दोन मिनिटं बोलला, आवाज बरा होता.’ तुझा ताठा तुला लखलाभ. तीन मिनिटांत तो मोडत नाही.

कळावे, उत्तर द्यावे, आणि लोभ शिल्लक असेल तर तो असू द्यावा.

तुझा,
अस्लम

ता. क. – सोफ्यावर हिरवा शर्ट नको, मागचा झरा त्यातून वाहतो. आणि येणं अगदीच जमत नसेल तर निदान बँकेतून हयातीचा दाखला आणून पाठव. पेन्शनवाल्यांना देतात, तुलाही देतील. समितीला फुलापेक्षा ते बरं वाटेल.

आणखी एक – हे योहानला न विचारता लिहितो. तुला वाटेल, तुझं नाव त्या गाऱ्हाण्यात योहानने घातलं. त्याने घातलेलं नाही. तू गेल्यावर तात्यांनी घरात तुझं नाव काढलं नाही, हे तू ऐकलं असशील आणि ते खरं आहे. पण त्यापुढची चौदा वर्षं, हातपाय चालत होते तोवर, ते गणपतीपुढे सगळ्यांत शेवटी तेच वाक्य म्हणायचे. कॉलनी रिकामी होत चालली होती, मागे ओ द्यायला माणसं उरत नव्हती, म्हणून योहान आणि मी दरवर्षी रत्नागिरीहून जायचो. शेवटच्या वर्षी मागे आम्ही दोघंच होतो. तुला सांगायचं नाही अशी शपथ तात्यांनी घातली होती; त्याला वाटेल मी हरलो, म्हणाले. ती शपथ योहानने सगळ्या महाराष्ट्रासमोर मोडली, आणि मोडल्याचं त्याच्या अजून ध्यानात नाही.

शेवटचं – पाकीट चिकटवणार तेवढ्यात योहान दुकानात आला आणि त्याने हे सगळं उभ्याने वाचलं, मोठ्याने. त्याच्या आवाजात ऐकल्यावर मला माझंच लिहिलेलं जड झालं. तो म्हणाला, रविवारचं खोड. खोडत नाही, लिहिलेलं राहू दे, पण आता हे वाच. सावित्रीकाकू अलोऱ्याला रोज सातला टीव्ही लावते आणि शेवटच्या वाक्याला एकटीच ‘व्हय म्हाराजा’ म्हणते. तो रोज ते वाक्य म्हणतो ते तिच्यासाठी. एक दिवस गाळलं तर तिचा फोन आला होता, गंगारामला काय झालं म्हणून. तेव्हा तू रत्नागिरीपर्यंत येऊच नकोस. चिपळूणला उतर आणि सातच्या आत घरी पोच. समितीचं काय, सोफ्याचं काय, असं मी विचारलं. म्हणाला, ‘तो घरी गेला, असं सांगेन. पटलं तर पटलं.’ काकूला आम्ही काही कळवलेलं नाही. पोचलास की तिच्या फोनवरून दर्शनच्या मोबाइलवर एक रिंग दे, नंबर पाकिटाच्या मागे आहे. रिंग आली तर योहान ते वाक्य म्हणणार नाही. नाही आली तर म्हणेल, आणि मागे ओ द्यायला मी उभा आहेच.